माळ्यावरचा संसार

श्रीधर कोणाच्याही घरी गेला की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी विचारायचा, “राउटर कुठे ठेवलाय?” बहुतेक घरांत तो टीव्हीच्या कपाटात, नाहीतर पलंगामागे सापडायचा. मग श्रीधर गुडघ्यांवर बसून त्याला बाहेर काढायचा आणि म्हणायचा, “तुळस कपाटात ठेवता का हो? मग ह्याला का कोंडलंय?” यजमान ओशाळायचे. संध्याकाळी त्यांचाच फोन यायचा, की आतल्या खोलीतसुद्धा इंटरनेट येऊ लागलं.

लोणावळ्यात आमची घरं शेजारी शेजारी. पुण्यातली सॉफ्टवेअरची नोकरी वेळेआधी सोडून तो आणि वसुधावहिनी इथे राहायला आले; मुलगा अमेय बंगळूरला. मी शाळेत मराठी शिकवत असे, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. माझा संगणक त्यानेच बसवून दिला आणि भिंतीतून वायर ओढली. वायफाय असताना वायर कशाला, असं मी विचारलं, तेव्हा म्हणाला, “मास्तर, वायर म्हणजे सख्खं नातं. वायफाय म्हणजे रस्त्यात भेटल्यावर हात हलवणं.” सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की लोक घाईने घेतात याचा त्याला राग होता. “लोणचं घातलं की त्याच दिवशी वाढता का? मुरू द्या जरा.” आणि ज्याचं झाकण उघडून आत पाहता येत नाही ती वस्तू विकत घेतली तरी आपली होत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याच्या स्वतःच्या घरात माळ्यावर तारांचं जाळं होतं आणि त्यांना जोडलेले संगणकाचे डबे होते. डब्यांचे हिरवे दिवे रात्रंदिवस लुकलुकत. घरातले फोटो, गाणी, हिशेब, सगळं त्या डब्यांत. अंधार पडला की व्हरांड्यातला दिवा आपोआप लागे. छपरावर पाऊस मोजणारं यंत्र होतं, आणि त्याचे आकडे स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दिसत. वहिनी पाहुण्यांना सांगत, “ह्यांचा दुसरा संसार माळ्यावर आहे. तिथे मला मज्जाव.”

इतका वेगाच्या गोष्टींत रमणारा माणूस सायकल मात्र अतिशय संथ चालवायचा. रविवारी आम्ही दोघं जुन्या रस्त्याने कार्ल्याकडे निघत असू. चट्टेरीपट्टेरी घट्ट कपड्यांतली पुण्याची मुलं शेजारून सुसाट जात. श्रीधर साध्या सदऱ्यात, एखादं पाखरू दिसलं तरी थांबणारा. कार्ल्याच्या अलीकडे भातखाचराच्या बांधावर एक आबा नेहमी असत. ते लांबूनच ओरडत, “सायेब, चालत आला असता तर जेवून माघारी गेला असता की!”

“लवकर पोचून करू काय, आबा?”

“व्हय, ते बी खरंच हाय म्हणा. बसा, च्या टाकतो.”

पवनानगरला गेलो तर येताना सायकली जीपच्या टपावर टाकायच्या, हा आमचा शिरस्ता. चढ हरवायचा नसतो, असं तो म्हणे. चढाला वाट द्यायची.

अशाच एका रविवारी, आबांचा चहा पिऊन निघाल्यावर, इंद्रायणीच्या पुलावर त्याने सायकल कठड्याला टेकवली आणि पुण्याच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला सांगितलं. आवाज नेहमीचाच होता. “ह्यातलं काही दुरुस्त होण्यासारखं नाही, मास्तर. अमेय म्हणतो, आई माझ्याकडे बंगळूरला येईल. वसुधाला लोणावळा सोडायचं नाही. पण मी ते घर असं करून ठेवलंय की माझ्यामागे एक दिवा लागला नाही तरी ती अडून पडेल. मग तिला जावंच लागेल.” सायकल पुन्हा हातात घेत म्हणाला, “सगळं काढून टाकतो. इंटरनेट कंपनीचा एक साधा डबा राहू दे.”

दुसऱ्या दिवसापासून मी शिडी धरून उभा राहू लागलो आणि तो माळा उतरवू लागला. वायरी सोडवून प्रत्येक वायर नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधून खाली देई. वहिनी बाजारातून आल्या तेव्हा जमिनीवर डब्यांची रास होती.

“हे काय चाललंय?”

“तुझ्यासाठी सोपं करतोय.”

“मला विचारलंत?” वहिनींनी भाजीची पिशवी खाली ठेवली. “अहो, आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा अख्ख्या शाखेला मी शिकवलं. निवृत्तीला आलेले कॅशियर माझ्याकडे शिकायला बसायचे. इतकी वर्षं तुम्ही नुसतं करून ठेवलंत. सांगितलंत कधी?”

श्रीधर शिडीच्या पायरीवर बसला. सगळ्या गावाला समजावून सांगणारा तो माणूस हातातली वायर गुंडाळू लागला. मग हळूच म्हणाला, “तुला आवडत नाही असं वाटलं.”

“मला मज्जाव कोणी केला होता? चहा करते, मग सांगा. पहिल्यापासून.”

ते पुढचे महिने मला शांत आठवतात. श्रीधर पलंगावर, वहिनी शिडीवर. वरून हाक येई, “पिवळा दिवा लागला!” तो खालून सांगे, “पिवळा म्हणजे विचार करतोय. त्याला त्रास देऊ नकोस.” निम्मी रास परत माळ्यावर गेली. निम्मी वहिनींनी मोडीत काढली. पाऊस मोजायचं यंत्र गेलं. “खिडकीबाहेर हात काढला की कळतं.” आपोआप लागणारा दिवाही गेला, कारण बटण दाबायला हात आहेत. श्रीधर प्रत्येक वस्तूसाठी भांडला आणि प्रत्येक वेळी हरला. “मास्तर, हिने माझं काम तपासलं,” एकदा तो मला म्हणाला, “आणि चुका निघाल्या हो.” हे सांगताना तो इतका खूश होता की मी मान वळवली.

दिवाळी झाल्यावर तो गेला.

दिवसकार्य उरकलं, तसा अमेय आईची तयारी करायला लागला. माळ्यावरून बॅगा काढल्या. त्याच दुपारी माकडांनी छपरावरून जाणारी वायर तोडली आणि घरातलं इंटरनेट बंद पडलं. मी धावत गेलो, पण मला त्यातलं काय कळणार! वहिनींनी शिडी बाहेरच्या भिंतीला लावली, पदर खोचला आणि चढल्या. वायरीला लावायचं नवं प्लॅस्टिकचं टोक दातांत धरून त्या आतल्या बारीक तारा एकेक करून रंगांप्रमाणे लावत होत्या.

“आई, खाली उतर. मी बघतो,” अमेय म्हणाला.

“तुला नाही कळायचं, बाळा. छपराच्या पत्र्याखाली अंधार आहे, तू टॉर्च धर.”

त्याने टॉर्च धरला. काम संपेपर्यंत धरून उभा राहिला. नंतर घरात जाऊन त्याने आईसाठी काढलेली बॅग परत माळ्यावर टाकली, आणि रविवारी एकटाच बंगळूरला गेला.