कुमुदताई आणि तान्ह्या बाळांची शी

कुमुदताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मुलाचा डबा भरत होते. त्याची रिक्षा गेल्यावरच मी खाली बसले… महिना झाला. अजूनही प्रयोगशाळेच्या जिन्यात त्यांची पावलं वाजतील असं वाटतं.

तान्ह्या बाळांच्या पोटात चांगले जिवाणू कसे रुजतात, हे ताईंचं काम. बर्फाची पेटी घेऊन त्या एसटीनं फुलंब्रीकडे जायच्या, तपासणीसाठी घरोघर बाळांचे भरलेले लंगोट मागायच्या. "शीवाल्या बाई आल्या!" म्हणत बायका तोंडाला पदर लावायच्या. ताईही हसायच्या.

मी त्यांच्या हाताखाली नवीन होते, तेव्हा माझा मुलगा झाला, सिझेरियननं. तीन दिवस दूध पुरेसं उतरेना. नैसर्गिक बाळंतपणात बाळाला आईकडून जिवाणू मिळतात, हे मीच तक्त्यांत लिहीत आले होते. माझ्याच बाळाचं ते हुकलं, हे मनात घट्ट बसलं होतं. सासूबाई मधाची बाटली घेऊन उभ्या होत्या. "लेकरू नुसतं रडतंय. बोटभर चाटवते, काय व्हतंय?"

नेमक्या तेव्हाच ताई आल्या. "मावशी, वर्षाचं होईपर्यंत मध नाय द्यायचा, लई धोका असतो. त्याला हिच्या छातीशी देऊ." त्यांनी झबलं काढून बाळाला माझ्या उघड्या अंगावर ठेवलं, वरून शाल घातली. मला म्हणाल्या, "कातडीवरूनही मिळतं गं त्याला. आणि आईच्या दुधात एक साखर असते, ती बाळाला पचतच नाही. ती त्याच्या पोटातल्या जिवाणूंसाठी असते. उशीर झालाय, एवढंच… तुझं काही चुकलेलं नाही."

दुसऱ्या दिवशीही त्या बाळाला कसं धरायचं ते दाखवत बसल्या, जाताना त्याचाही लंगोट घेऊन गेल्या. त्याच संध्याकाळी दूध उतरलं. सासूबाईंनीच त्यांना फोन केला, "बाई, पोटभर पिऊन झोपलं बघा!"

परवा ताईंचं कपाट आवरताना नमुन्यांची जुनी वही सापडली. वय, वजन, दूध… आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्यात ताईंच्या अक्षरात: 'आजी घाबरलेली.' 'बापानं पहिल्यांदा लंगोट बदलला.' माझ्या मुलाच्या ओळीपुढे होतं, 'आई दोन पोळ्या जेवली.' मी वही माझ्या पिशवीत घातली.

फुलंब्रीला आता मी जाते. काल शेऱ्यापाशी पेन जरा थांबलं. मग लिहिलं, 'आई आंघोळीला गेली, तोवर बाळ मी घेतलं.'