के लिहायचा, बोलायचा नाही

प्रथम वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने. श्रीमती गुंजाळ बाई आंबेगाव तालुक्याच्या डोंगराकडील एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवीत होत्या. नव्वदच्या दशकाच्या आरंभी मी पुण्याहून एम. ए. होऊन त्याच शाळेत रुजू झालो. काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या आणि वारूळवाडीच्या आपल्या घरी राहू लागल्या. पुढे यजमान गेले. मुलगा नाशिकला स्थायिक झाला. यंदा बाईंनी वयाची सत्तरी पूर्ण केली. माजी विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ योजला, ओझरला सत्कार ठरवला, आणि बाईंनी सत्काराला येण्यास नकार दिला. ग्रंथ समारंभापूर्वीच त्यांच्या हाती पडणार आहे. म्हणून प्रस्तुत लेखाचा हेतू त्या नकाराचे खंडन करणे हा आहे. गौरव ओघाने येईल.

बाईंना मी प्रथम पाहिले नाही, ऐकले. वर्गाचे दार बंद होते आणि आतून मुले एका सुरात ओरडत होती, “क्नी म्हणजे गुडघा! क्नॉट म्हणजे गाठ! क्निट म्हणजे विणणे! क्नॉक म्हणजे दार ठोठावणे!” इंग्रजी शब्दाच्या आरंभी के आणि एन शेजारी आले की के लिहितात, उच्चारत नाहीत. मधल्या सुट्टीत मी हे बाईंना ऐकवले. स्वतःचे नाव सांगण्याआधीच.

“बाई, उच्चार ‘नी’ असा आहे.”

“ठाऊक हाय की! तुमी नवीन सर का? बसा, चहा घ्या.” वर्गात काटेकोर प्रमाण मराठी बोलणाऱ्या बाई वर्गाबाहेर आपली घरची बोली बोलत.

“मग मुलांना चुकीचे का शिकवता?”

“तुमची पोरं ‘नी’ म्हणतील आन् लिहिताना के खाऊन टाकतील. माझी पोरं के ओरडत्यात, मग तो लिहिल्याबिगर त्यांना चैन पडत न्हाई. बोर्डाचा पेपर तोंडानं तपासत्यात व्हय, सर?”

ही पद्धत सदोष आहे असे माझे तेव्हा मत झाले, ते आजही कायम आहे. बाईंचे विद्यार्थी पुण्याच्या कॉलेजात ‘क्नाइफ’ म्हणून हसे करून घेत. गौरवग्रंथात दोष झाकण्याचा प्रघात मला मान्य नाही. मात्र त्यांच्या एकाही विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत गळालेला के मला कधी सापडला नाही, हेही तितक्याच कसोशीने नोंदवतो. दर सोमवारी फळ्यावर एक नवी अक्षरजोडी येई, तिच्याखाली लहान लहान शब्द आणि त्यांचे अर्थ. “तोंडी उत्तर मला नको, लिहून दाखवा,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. तोंडातून के पडतो, कागदावरून पडत नाही.

हिवाळ्यात डोंगरातल्या वाड्यांवरची मुले उघड्या कानांनी चालत येत. बाई मोकळ्या तासाला लोकरीच्या कानटोप्या विणीत. फुकट घेताना एखादा मुलगा संकोचला की म्हणत, “तुला कोण देतंय? ‘क्निट’ शिकवायला नमुना विणला. आता उसवत बसू का? घाल डोक्यात.” शाळेत माझ्याशी इतक्या हिरिरीने भांडणारे दुसरे कोणी नव्हते. पुढेही कोणी भेटले नाही.

निमंत्रण पोहोचवण्याचे काम माझ्याकडे आले. बाई हाका मारूनही दार उघडत नाहीत, त्यांना आता माणूस नको झाला आहे, असा समज सर्वत्र पसरला होता आणि त्यांच्याकडची ये-जा थांबली होती. मी गेलो, कडी वाजवली. खिडकीतून बाई परातीत कणीक मळताना दिसत होत्या. मान वर झाली नाही. पुन्हा वाजवली.

“पावणं, हात दुखतील!” कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली. “बाईंना ऐकू येत न्हाई आता. लई जण येत्यात, वाजवत्यात, आन् बाईंना राग आलाय म्हणून माघारी जात्यात.”

“तुम्ही सांगत का नाही त्यांना?”

“मी रानात असते. आज घरी हाय म्हणून तुमी घावला. जा की मागच्या दारानं.”

मागच्या दाराने जाणे मला प्रशस्त वाटले नाही. मी कागदावर इंग्रजीत ठळक ‘नॉक’ लिहिले, मुद्दाम के गाळून, आणि दाराखालून आत सारले. (केशिवायचा नॉक हाही शब्द आहे. अर्थ, बाणाची खाच. तो येथे लागू नाही.) बाईंनी पिठाच्या हातांनी कागद उचलला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. काही वेळाने कागद दाराखालून परत आला. शब्दाच्या आरंभी लाल पेन्सिलीचा के होता. मग दार उघडले.

“शिकलेली माणसं तुमी, लाज न्हाई वाटत?” बाई म्हणाल्या. मग दारातून बाजूला होत म्हणाल्या, “चला. आज दार वाजलं म्हणायचं.”

सत्काराचे मी लिहून दाखवले. त्यांनी मान हलवली. “तुमी सगळे तोंडं हलवणार, मी मधी बसून बघणार. मी म्हंजे आता तो के हाय, सर. जागा हाय, आवाज न्हाई.”

आळेफाट्याला वायरिंगची कामे करणाऱ्या त्यांच्या एका विद्यार्थ्याने आता दाराबाहेर बटण बसवले आहे. ते दाबले की आत दिवा लागतो. ‘क्नॉब दाबा,’ असे तो सर्वांना सांगतो. उच्चार चुकीचा, आणि नॉब म्हणजे मूठ, तेव्हा बटणाला तो शब्दही चुकीचा. बटणाशेजारी त्याने लावलेल्या पाटीवरचे स्पेलिंग मात्र निर्दोष. तो दिवा आठवड्यातून किती वेळा लागतो, हे मी बाईंना विचारलेले नाही. वाचकांनी विचारू नये, बटण दाबावे.

बाई, आता तुमच्या नकाराविषयी. के मुका असतो म्हणून निरुपयोगी असतो, असे तुम्ही कोणत्याही वर्गात शिकवलेले नाही. ‘नॉट’ म्हणजे गाठ. त्यातला के काढा. उच्चार तोच राहतो, अर्थ उरतो ‘नाही’. तुमच्यावाचून ओझरला आमचे तेवढेच होईल. प्रत्येक वक्ता आपले भाषण लिहून प्रथम तुमच्या हाती देईल आणि तुमची लाल पेन्सिल फिरल्याखेरीज बोलणार नाही. तुमची दृष्टी आणि ती पेन्सिल दोन्ही पुष्कळ वर्षे तीक्ष्ण राहोत, गुडघ्यांनी तुम्हांला जिने चढू द्यावेत, आणि आमच्या चुका कधी संपू नयेत.

उत्तर एका शब्दाचे पुरे: ‘नॉट’. केसह लिहिलेत, तर आपली गाठ पडेल. केशिवाय लिहिलेत, तर नाही. कानाला दोन्ही सारखेच. म्हणून कोणाबरोबर निरोप धाडू नये. उत्तर लेखी हवे.