कोपऱ्यापर्यंत जाऊन ये

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरचा एक हट्ट होता. कपडा हँगरवर बघून तो कुणाच्या हातात द्यायचा नाही. "हँगरला पोट नसतं, पाठ नसते, आणि तो काही चालत नाही," म्हणायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नवा कपडा अंगावर चढवून त्यानं कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापर्यंत जायचं आणि परत यायचं. मास्तर दारात उभा. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप, डोळे बारीक. कुठं ओढतंय, कुठं फुगतंय ते त्याला खांबापर्यंत कळायचं आणि परत येईपर्यंत ते कसं मोडायचं हेही कळायचं. भारी भारी माणसं त्या खांबाच्या वाटेवर नव्या नवरीसारखी लाजत चाललेली गल्लीनं बघितली आहेत.

दुकान म्हणजे एक खोली. पुढं कापायचं टेबल, बाजूला मशीन, मागं पडदा, आणि पडद्याआड बायको काज-बटणं करत बसायची. नऊ वर्षांची मुलगी टेबलाखाली चिंध्यांत वाढली. एका जागी न बसता मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी गरगरायची म्हणून तिचं नाव पडलं बॉबिन. शाळेच्या पटावर तिचं दुसरं काही नाव होतं, पण ते पटावरच राहिलं.

शाळा दोन. एक खालच्या रस्त्याला, सरकारी. दुसरी वरच्या रस्त्याला, खासगी. मास्तर दोन्हींचे कपडे शिवायचा, त्यामुळं दोन्हीकडच्या आया त्याला पाठ होत्या. खालच्या शाळेची आई सांगायची, "मास्तर, फ्रॉकला खाली चार बोटं कापड दुमडून ठेवा, पोरगी वाढतेय." वरच्या शाळेची आई सांगायची, "दुमडू नका बरं का. पुढच्या वर्षी खाली सोडलं की जुन्या घडीची रेघ दिसते." रेघ दिसली की कपडा पुरवून वापरलाय हे चार लोकांना दिसतं. पोरी दोन्हीकडच्या तेवढ्याच वाढायच्या. मास्तरला हसू यायचं, पण तोंडात टाचण्या असल्यामुळं ते तिथंच राहायचं.

बॉबिन खालच्या शाळेत होती, तिसरी पास होऊन चौथीत जाणार होती. तिथल्या बाईंवर तिचा फार जीव. बाईंचे ब्लाउज मास्तरच शिवायचा, आणि बाईसुद्धा कधी कुरकुर न करता खांबापर्यंत जाऊन यायच्या.

त्या सुट्टीत वरच्या शाळेनं आपल्या ड्रेसचा रंग बदलला. निळा जाऊन मरून आला. शाळेनं मास्तरला कापड पाठवलं आणि सांगितलं, एक नमुना शिवून द्या, काचेच्या कपाटात लावायचाय. माप दिलं नव्हतं. मास्तरनं समोर होतं ते माप घेतलं, म्हणजे बॉबिनचं. बिनबाह्यांचा पिनो, आत पांढरा शर्ट, टाय. नमुना झाला तरी नियम तो नियम.

"चढव," मास्तर म्हणाला, "आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

बॉबिन गेली. पाठीवर चुणी पडली. उसवून परत शिवली. परत गेली. खिसा ओढत होता. तिसऱ्यांदा गेली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, सगळी दुकानं भरलेली, आणि बॉबिन आपली टाय नीट करत ऐटीत चालली होती, जणू वरच्या शाळेची हेडबाई तपासणीला निघाली आहे. समोरच्या सलूनवाल्यानं कात्री हातात धरून बघितलं. सलूनवाल्याची बायको वरच्या खिडकीतून बघत होती. कुणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरनं नमुना इस्त्री करून शाळेत पोचवला आणि विसरून गेला.

आठ दिवसांनी सलूनवाल्याची बायको मुलाला घेऊन आली. "मास्तर, याचं माप घ्या. वरच्या शाळेचा ड्रेस."

"वरच्या?" मास्तरनं टेप तसाच धरला. "हा खाली बॉबिनच्या वर्गात ना?"

"होता," ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. "आणि घडी दुमडू नका हं खाली."

मग गॅरेजवाला आला, त्याच्या दोन मुली घेऊन. मग झेरॉक्सवाली. मग डेअरीवाल्याची सून. पंधरा दिवसांत मास्तरनं गल्लीतल्या अकरा पोरांची मापं मरून कापडासाठी घेतली. हात चालत होते, पण डोक्यात काहीतरी अडकलं होतं, मशीनमध्ये धागा अडकतो तसं. एवढे लोक उठून चाललेत म्हणजे खालच्या शाळेत काहीतरी झालं असणार. भिंत पडायला आली? बाईंची बदली झाली? सगळ्यांना माहीत आणि आपल्यालाच नाही, हे कसं?

तो सलूनमध्ये गेला. सलूनवाला एकाच्या मानेवर वस्तरा फिरवत होता.

"का रे, पोराची शाळा का बदललीस?"

सलूनवाल्यानं आरशातून त्याच्याकडे बघितलं. "मास्तर, आता तुम्ही मला विचारणार?"

"मग कुणाला विचारू?"

"बरं बरं, राहू दे," सलूनवाला म्हणाला आणि हसला. खुर्चीतला माणूसही हसला.

मास्तर परत आला तो चेहरा पाडून. त्याला वाटलं, ज्याची पोरगी अजून खाली आहे त्यानं दुसऱ्याला काय विचारावं, असं ते हसणं होतं. त्यानं ते सांगितलं तसा पडद्याआड बायकोनं हातातला शर्ट बाजूला ठेवला.

"मला पण तेच वाटतंय," ती म्हणाली. "पूर्वी दुकानात, दवाखान्यात, कुणीही भेटलं की विचारायचं, बॉबिन कशी आहे, यंदा कितवीत. आता कुणी तिच्या शाळेचं नावच काढत नाही. गप्प बसतात. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसत असतील."

"एवढं काय वाईट वाटायचंय?"

"सलूनवाली आता डॉक्टरीणबाईंशी बोलते. त्यांचं पोर वरच्या शाळेत, दोघांचे वर्ग एक होणार म्हणून. सुट्टीतच बोलायला लागली. आपण ते कपडे शिवायचे, आणि आपली पोरगी मात्र…" पुढचं तिनं दातानं दोऱ्याबरोबर तोडलं.

मास्तरला डॉक्टरीणबाईंशी काहीच बोलायचं नव्हतं. त्यांच्या नवऱ्याची पॅंट नेहमी एका पायात आखूड व्हायची, तेवढाच त्यांचा संबंध. पण बायको बोलल्यावर त्याला वाटलं, आपल्याला बोलायचं नाही हे ठीक, पण बॉबिनला उद्या बोलायचं असलं तर? शनिवारी वरच्या शाळेचे प्रवेश बंद होणार होते. आज गुरुवार होता. रात्रभर त्याला घोर लागला आणि सकाळी तो खालच्या शाळेत गेला.

सुट्टीमुळं शाळा रिकामी. बाई एकट्याच ऑफिसात बसून पटावरची नावं बघत होत्या. भिंत जागच्या जागी होती. मास्तरनं येताना मुद्दाम हात लावून बघितली होती.

"बाई, एक विचारतो, राग मानू नका. शाळेत काही बिघडलंय का?"

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, हे मी तुम्हाला विचारायला येणार होते."

"मला?"

बाईंनी ड्रॉवर उघडला आणि एक कागद टेबलावर ठेवला. शाळा सोडल्याचा दाखला. वर बॉबिनचं ते पटावरचं नाव, खाली सही आणि शिक्का.

"सगळे दाखले घेऊन गेले. तुम्ही आला नाहीत. म्हटलं, माणसाला लाज वाटत असेल. मी तयार करून ठेवला. तुम्हाला मागायला लागू नये म्हणून."

"पण मी कुठं मागितला, बाई? आमची बॉबिन इथंच आहे."

आता बाई गोंधळल्या. "इथं कशी? मरून ड्रेस घालून गल्लीतून गेली ना? सलूनवाली याच खुर्चीत बसून मला म्हणाली, मास्तर दोन्ही शाळांचे कपडे शिवतो, त्याला आतलं ठाऊक. त्यानं स्वतःची पोरगी हलवली म्हणजे समजून जा. तिच्यानंतर जे आले ते सगळे तेच म्हणाले."

मास्तर खुर्चीच्या कडेवर बसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच. गेले पंधरा दिवस तो ज्याचं कारण शोधत होता ते कारण त्याच्याच घरात टेबलाखाली चिंध्या खेळत होतं.

"तो नमुना होता," तो म्हणाला. "कपाटात लावायला. नुसता चालवून बघितला."

बाईंनी पट मिटला. मग म्हणाल्या, "चौथीत आता आठ पोरं उरलीत. तिसरी-चौथी एका खोलीत बसवायला सांगितलंय. शिकवीन मी, त्याचं काही नाही. पण बॉबिनच्या मैत्रिणी सगळ्या गेल्या, हे तुम्हीच बघा. दाखला न्या. लागला तर वापरा, नाही तर परत आणून द्या."

मास्तर दाखला खिशात घालून थेट सलूनमध्ये शिरला. खुर्चीत कुणीतरी तोंडावर गरम टॉवेल घेऊन पडलं होतं. मास्तरनं सगळं सांगून टाकलं, नमुना, खिसा, टाय, सगळं.

सलूनवाल्याचा कंगवा हवेतच राहिला. "म्हणजे तुम्ही बॉबिनचं नाव घातलंच नाही वर?"

"नाही."

"मग आम्ही कशाला घातलं?"

"तेच मी पंधरा दिवस विचारतोय."

टॉवेलखालून आवाज आला, "माझ्या तर दोघी आहेत." तो गॅरेजवाला होता.

 मग सलूनवाला हलक्या आवाजात म्हणाला, "मास्तर, झालं ते झालं. पण हे बाहेर कुणाला सांगू नका. सासऱ्याला फोन करून सांगून झालंय, तो दहा जणांना सांगून बसलाय. आणि माझ्या घरात तर अजिबात बोलू नका. ती डॉक्टरीणबाईंबरोबर चालायला जाते सकाळी."

"पण मग तुमची पोरं उगाच—"

"उगाच कसं? शाळा वाईट थोडीच आहे?" त्यानं गॅरेजवाल्याकडे बघितलं. टॉवेल नाही म्हणून हलला. "तुम्ही एक करा. दाखला आहे ना खिशात? पोरगी घाला वरच्या शाळेत. म्हणजे कुणीच चुकलं नाही असं होईल."

मास्तरला हे पटलं. दुकानापर्यंत रस्ता ओलांडेस्तोवर पटलेलं होतं, आणि टेबलापाशी येईपर्यंत काय पटलं तेच आठवेना.

त्यानं बॉबिनला टेबलाखालून बाहेर काढलं. "तुला कुठं जायचंय?"

"सगळ्या वर चालल्यात, मी पण वर," बॉबिन म्हणाली. मग म्हणाली, "पण आपल्या बाईंना पण न्यायचं."

"बाई नाही येत."

"मग त्यांनाच खाली बोलवा सगळ्यांना." आणि ती परत चिंध्यांत गेली.

बायको म्हणाली, दाखला मिळालाय तर प्रश्नच मिटला. मग म्हणाली, पण पहिलीपासून बाईंनीच पोरीची तोतरी जीभ सरळ केली, ते विसरून कसं चालेल. मग म्हणाली, तुम्हीच काय ते ठरवा, आणि मीच का सगळं बघायचं म्हणून रागावली. मास्तरनं मरून कापड टेबलावर पसरलं. खडूनं एक रेघ मारली. पुसली. खाली घडी ठेवायची की नाही, तिथंच तो अडला. वरच्या शाळेच्या रीतीनं घडी ठेवायची नाही. आणि स्वतःच्या वाढत्या पोरीला घडी न ठेवता शिवायचं, हे त्याच्या हातालाच जमेना. कात्री धरून बसून राहिला.

शनिवारी सकाळी कापड तसंच पसरलेलं होतं. काहीतरी हातानं करायला हवं म्हणून त्यानं खुंटीवरचा बॉबिनचा खालच्या शाळेचा जुना फ्रॉक काढला. गुडघ्याच्या वर गेला होता. त्यानं खालची शिलाई उसवली, चार बोटं कापड मोकळं केलं, पाण्याचा हात फिरवला, इस्त्री दाबली, नवी शिलाई मारली. जुन्या घडीची रेघ फिकट दिसत राहिली. आणखी एक वर्ष निघेल, असं त्याच्या डोळ्यांनी माप घेतलं.

"चढव," तो म्हणाला. जन्मभराची सवय, तोंडातून निघून गेलं. "कोपऱ्यापर्यंत जाऊन ये."

बॉबिन निघाली. ती खांबापाशी पोचली तेव्हा मास्तरच्या लक्षात आलं की आपण काय केलं. समोर सलूनवाला कंगवा घेऊन दारात आला होता. वरची खिडकी उघडली. झेरॉक्सवालीनं मशीन बंद केलं. बॉबिन गरकन वळली, फ्रॉक छान फिरला, कुठं ओढत नव्हता, आणि ती रेघ सगळ्या गल्लीला दिसत होती.

ती परत आली. "बरोबर आहे का, बाबा?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला. फ्रॉक बरोबर होता, एवढं त्याला नक्की माहीत होतं. बाकीचं त्यानं तपासलं नाही. खिशातला दाखला काढून तिच्या हातात दिला. "हे बाईंना देऊन ये. म्हणावं, लागला नाही."

"मग माझ्या मैत्रिणी?"

"संध्याकाळी येतात की खेळायला."

बॉबिननं थोडा विचार केला, कागदाची सुरळी केली आणि पळत सुटली. पडद्याआड बायकोचा हात थांबला होता. थोड्या वेळानं काजाची सुई परत चालू झाली.

मास्तरनं मरून कापडाची घडी घातली आणि टाचण्या तोंडात धरून दुसऱ्याच कुणाची पॅंट हातात घेतली. एवढ्यात सलूनवाल्याची बायको आत आली. तिच्या हातात मुलाचा नवा कोरा पिशवीतला ड्रेस. इकडंतिकडं बघून ती टेबलावर वाकली.

"मास्तर, खरं सांगा. वरच्या शाळेचं काही कळलं का तुम्हाला?"

मास्तरनं टाचण्या काढल्या. "काही नाही हो, वहिनी. फ्रॉक आखूड झाला होता, खाली सोडला. एवढंच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सांगायचं नसेल तर राहू द्या," ती म्हणाली. पिशवी छातीशी धरून दारात थांबली, एकदा वरच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा खालच्या, आणि मग म्हणाली, "डेअरीवाल्याच्या सुनेला तरी विचारते."