अकरा तालुक्यांची चांगुणा

बहात्तरच्या दुष्काळात विहिरीचा तळ दिसला, तेव्हा चांगुणाच्या सासऱ्यानं तिला मुरूमच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत बसवलं. "चार महिने भावाकडं रहा. पाऊस झाला की न्यायला येतो," म्हणाला. पुढच्या वर्षी पाऊस झाला. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कळलं, की नवऱ्यानं दुसरी केली आणि त्या दुसरीला मुलगाही झाला.

भाऊ उत्तरेश्वर गुरुजी मुरूमपासून दोन कोसांवरच्या गावात शाळामास्तर होते. घर दोन खणांचं. चांगुणाला निजायला ओसरीवर, दाराच्या तोंडाशी जागा मिळाली. पहाटे तांब्या घेऊन बाहेर जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जाई. वहिनी कस्तुराबाई तोंडानं कधी वाईट बोलली नाही. पाहुण्यांनी "ह्या कोण?" असं विचारलं, की ती म्हणे, "ह्या आमच्याकडं असतात." नणंद हा शब्द तिनं अकरा वर्षांत पाहुण्यांसमोर उच्चारला नाही.

चांगुणा सातवी पास होती. अक्षर असं, की छापल्यासारखं. त्या काळात पोरं शाळेत यायची ती तिथं वाटली जाणारी गोड सुकडी खायला, आणि खाऊन झाली की पळायची. गुरुजी घरी येऊन कुरकुरायचे. एक दिवस चुलीपुढून चांगुणा म्हणाली, "दादा, पारावर पत्ते खेळत बसत्यात, तशी बसवा की. पत्त्यावर राजा-राणीच्या जागी प्रश्न लिवायचा. मागं उत्तर. ज्याचं बरोबर, पत्ता त्याचा."

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गावच्या सोसायटीच्या दुकानातून पुठ्ठे आणले. तिथं नियंत्रित भावाची लुगडी यायची, त्यांच्या घड्यांत हे पुठ्ठे असत. चांगुणानं ते सारख्या मापाचे कापले. समोर निळ्या शाईत प्रश्न, मागं खालच्या कडेला लाल शाईत बारीक उत्तर. भूगोल, इतिहास, शेती, आरोग्य, आपला जिल्हा. गुरुजींच्या पुस्तकांतून, ग्रामपंचायतीच्या रेडिओवरून, गुळाच्या पुडीच्या कागदावरून तिनं प्रश्न गोळा केले. पोरं सुकडी खाऊनही बसायला लागली.

अठ्ठ्याहत्तर साली जिल्ह्याच्या शैक्षणिक प्रदर्शनात या पत्त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रावर नाव गुरुजींचं होतं. चाळीस शाळांनी संच मागितले. भांडी घासून झाली की दिवेलागणीपर्यंतची सगळी दुपार चांगुणा लिहीत बसे. दोन वर्षांत तिनं चाळीस संच लिहिले. दरवेळी पहिल्या पत्त्यावर ती गोलाकार अक्षरात लिही : रचना, श्री. उत्तरेश्वर गुरुजी. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला, तेव्हा वहिनी म्हणाली, "बरं हाय बाई, बसून घट्टे पडत्यात एकेकाला."

ब्याऐंशीच्या ऑगस्टात जिल्ह्यातून लातूर हा वेगळा जिल्हा झाला. लातूर, उदगीर, औसा, निलंगा, अहमदपूर गेले आणि जिल्ह्यात सहा तालुके राहिले. त्याच आठवड्यात चांगुणा म्हणाली, "दादा, तालुक्यांचा पत्ता बदलाय पायजे. मागं अकरा लिवलंय."

"चाळीस शाळांत कोण हिंडणार?" गुरुजी म्हणाले.

दिवाळीत तिनं परत सांगितलं. संक्रांतीलाही सांगितलं. "डोकं खाऊ नकोस," असं गुरुजी म्हणाले, आणि तिनं सोडून दिलं.

त्या उन्हाळ्यात सोसायटीनं बालवाडी काढायचं ठरवलं. खताचं जुनं गोदाम धुऊन चुना दिला. मागं एक खोली होती, ती बालवाडीच्या बाईला राहायला. चांगुणा पाणी आणायच्या निमित्तानं ती बघून आली. खिडकी नव्हती. खताचा वास भिंतीतून गेला नव्हता. पण दाराला आतून कडी होती. तिनं आत जाऊन ती एकदा लावून बघितली, आणि मग काढली.

घरी तिनं अर्जाचं सांगितलं. कस्तुराबाई भाकरी थापता थापता थांबली. "मग हितलं कोण बघायचं?" नवऱ्याकडं बघून ती म्हणाली. गुरुजी म्हणाले, "अर्ज कुणीही करावा."

अर्ज दोनच आले. एक चांगुणाचा, दुसरा चावडीपल्याडच्या सिद्धम्माचा. वशिल्याचं कुणी बोलू नये म्हणून चेअरमन ईरण्णानं युक्ती काढली. शाळेतला पत्त्यांचा संच मागवायचा, पिसायचा, प्रत्येकीला पाच पत्ते. गुरुजींनी संच घेऊन शेजारी बसायचं. "पत्ता काय कुणाचा पाव्हणा नसतो," ईरण्णा म्हणाला. "मागं लिवलंय तेच उत्तर. वाद घालायचा न्हाय."

सोसायटीच्या हापिसाबाहेर माणसं जमली होती. आधी सिद्धम्मा आत गेली. दारातून सगळं ऐकू येत होतं.

"सोनारीला कुणाचं देऊळ हाय?"

"भैरोबाचं."

पत्ता उलटल्याचा आवाज झाला. "काळभैरव लिवलंय. चूक."

"अवो आण्णा, त्यो एकच की! माझं जावळ तिथंच काढलंय."

"जावळ काढलं आसंल. पत्त्यावर काळभैरव हाय."

बाहेर माणसं हसली. सिद्धम्माचे पाचातले चार बरोबर आले आणि ती पदरानं तोंड पुसत बाहेर येऊन बसली. चांगुणानं हे सगळं ऐकून मनात नीट घडी घालून ठेवलं. खरं काय ते इथं विचारत नाहीत. मागं काय लिहिलंय ते विचारतात. आणि मागं काय लिहिलंय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिचे चार पत्ते बघता बघता झाले. पालापाचोळ्याचं खत, देवीची लस, गोदावरीचा उगम, नळदुर्गाची नदी. ईरण्णा प्रश्न पुरा वाचायच्या आधी ती उत्तर देत होती. ईरण्णानं कौतुकानं गुरुजींकडं बघितलं. मग पाचवा पत्ता ओढला.

"आपल्या जिल्ह्यात तालुके किती?"

पत्त्याची निळी बाजू तिच्याकडं होती. अक्षर तिचंच. तिला सहा माहीत होते. गुरुजींना तीनदा सांगणारी तीच होती. पण सिद्धम्माचा भैरोबा तिनं आत्ताच ऐकला होता. दाराची ती कडी तिच्या डोळ्यांपुढं होती. तिनं एकदा भावाकडं बघितलं. गुरुजी उरलेले पत्ते सारखे करत होते.

"अकरा," चांगुणा म्हणाली.

ईरण्णानं पत्ता उलटला आणि तो जोरात हसला. "गुरुजी, तुमच्या भनीला लातूर गेल्याचं कुणी सांगितलं न्हाय का? सहा, बाई, सहा!"

बाहेर हशा फुटला. कुणीतरी म्हणालं, "उदगीर बी घिऊन या येताना!"

चांगुणा उठून टेबलापाशी गेली. लाल शाईतलं तिचं बारीक 'अकरा' खोडलं होतं आणि बाजूला बॉलपेननं, भावाच्या तिरक्या अक्षरात, 'सहा' लिहिलं होतं. शाई नवी होती. सकाळी संच घेऊन निघताना, चेअरमनपुढं आपली फजिती नको म्हणून गुरुजींनी तेवढा एक पत्ता सुधारला होता.

"हे पत्ते म्या लिवलेत," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "सगळे. मागं अकरा होतं. म्हणून अकरा म्हणले. मला ठावं हाय सहा हायत ते."

"लिवणारीलाच उत्तर ठावं न्हाय?" ईरण्णा म्हणाला. "काय वो गुरुजी, काय म्हणती ही?"

गुरुजींनी पत्त्यांना दोरा गुंडाळला, गाठ मारली. "नक्कल करून घेतो कधीमधी तिच्याकडून," ते म्हणाले. "अक्षर बरं आहे."

दोघींचे चार-चार झाले. ईरण्णानं थोडा विचार केला. "देव काय, भैरोबा म्हणा न्हाय तर काळभैरव म्हणा, एकच. पण जिच्या हाती पोरं द्यायची तिला जिल्हा तरी ठावं पायजे." खोली सिद्धम्माला मिळाली.

घरी कस्तुराबाईनं त्या दिवशी आपण होऊन ताट वाढलं, वर तूप घातलं. "जिवाला लावून घिऊ नका," ती म्हणाली. "हितं काय कमी हाय तुमाला?" आणि जेवण होताच खरकटी भांडी पुढ्यात सरकवली.

गावानं तिचं नाव 'अकरा तालुके' ठेवलं. घागर घेऊन ती बालवाडीवरून निघाली, की सिद्धम्माची पोरं दारात धावत. "मावशे, तालुके किती?" ती न थांबता म्हणे, "सहा." पोरं ओरडत, "चूक! चूक!" आणि हसून लोळत.

पावसाळ्यात शिक्षण खात्याचा कागद आला. जुने पत्ते दुरुस्त करून द्यावेत. गुरुजी चाळीस शाळांतले चाळीस आणि आपल्या शाळेतला एक, असे पत्ते पिशवीत घालून घेऊन आले. 'कोण हिंडणार' म्हणणाऱ्या गुरुजींना आता प्रवासभत्ता मिळत होता. पिशवी त्यांनी ओसरीवर तिच्या निजायच्या जागेपाशी ठेवली.

"नुसतं खोडू नकोस, वाईट दिसतं," ते म्हणाले. "अकरावर कागद चिकटव आणि सहा लिही. तुझ्या अक्षरात लिही."

चांगुणानं चिकटवायला कणकेची खळ शिजवली. सगळ्यात वर गावच्या शाळेतला तो पत्ता होता, खोडलेल्या अकराचा आणि भावाच्या बॉलपेनच्या सहाचा. त्याच्यावरही तिनं कागद चिकटवला.