पाण्याखाली हसणाऱ्या बायका

आमच्या लेडीज बॅचमध्ये पोहणं थोडं आणि चेंजिंग रूममधल्या गप्पा फार. ओले केस पुसता पुसता एकीनं काही सांगितलं की दुसरीला तिचं आठवतं. असे किस्से इतके साठलेत की मला कधी कधी वाटतं, आपण फी पोहण्याची भरतो की ऐकण्याची? त्यातले निम्मे तरी नंदामुळे घडलेत. नंदा माझी मैत्रीण आहे आणि मी तिच्यावर जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी माझ्या तोंडाकडं बघत बसायला नको.

*

नंदा मूळची पैठणची. "पाणी आमच्या रक्तातच आहे," म्हणत पहिल्या दिवशी आली आणि महिनाभर कडेचा दांडा सोडला नाही! पण शिकली एकदाची. त्या आनंदात तिच्या नवऱ्यानं थेट अमेरिकेतून एक डीव्हीडी मागवली. हॉलिवूडचा जुना सिनेमा, पोहणाऱ्या हिरॉइनचा, गाण्यांचा, विनोदी. नव्यानं साफसूफ करून, रंग उजळून काढलेला. नंदानं ती आम्हाला चेंजिंग रूममध्ये दाखवली, तीसुद्धा लांबूनच. "ओल्या हातानं नको गं!"

मी पोहायला शिकले तेव्हा आमच्या ह्यांनी मला काय दिलं होतं? कानात घालायला कापूस!

*

पण ती लावणार कशावर? सगळ्यांच्या घरी आता मोबाइल आणि स्मार्ट टीव्ही. डीव्हीडी प्लेयर उरला होता फक्त माझ्याकडं. "तुझ्याकडं असेल ना अजून पडलेला?" नंदा म्हणाली. पडलेला!

रविवारी दुपारी सगळ्या आमच्या घरी जमल्या. डिस्क आत गेली, घरघरली आणि स्क्रीनवर पाटी आली: अमेरिकेची डिस्क या प्लेयरवर चालणार नाही. नंदाचं तोंड एवढंसं झालं. मी "अरेरे" म्हणाले आणि चहा ठेवायला आत पळाले. इतका मनापासून चहा मी कधी केला नव्हता.

ट्रे घेऊन बाहेर येते तर काय, आमचे हे टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले! चिकलठाण्याच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. घरातला नळ दिवाळीपासून गळतोय, त्याला हात लावायला वेळ नाही. इथं मोबाइलवर शोधून, रिमोटची कुठली कुठली बटणं दाबून, चहा निवायच्या आत अमेरिका चालू!

"बघा नंदाताई, झालं तुमचं काम."

नंदाताई म्हणे! मला जन्मभर नुसतं 'अगं'.

*

सिनेमा मात्र झकास होता. हिरॉइन पाण्याखाली जाते, गोल फिरते, कॅमेऱ्याकडं बघून हसते. लिपस्टिक तशीच, केसाची बट हलत नाही. मालिका लागली की घोरणारे आमचे हे शेवटपर्यंत ताठ बसून होते. "फोटोग्राफीचं टेक्निक बघतोय," म्हणाले.

डिस्कवर शेवटी एक वेगळा तुकडा होता. पडद्याच्या डाव्या अर्ध्यात जुनी, फिकट प्रिंट आणि उजव्या अर्ध्यात उजळलेली. हिरॉइन डावीकडून मळक्या पाण्यात पोहत निघाली आणि उजवीकडच्या निळ्याशार पाण्यात पोचली. बॅचमधल्या सगळ्यात मोठ्या शाहीन आपा, मूळच्या खुलताबादच्या, टीव्हीला नाक लावून बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "क्या बाई, हे उजवीकडचा पूल कुटं हाय? आपन तिथं ॲडमिशन घेऊ!"

*

दुसऱ्या दिवशी पूलमध्ये एकच खूळ, पाण्याखाली हसायचं. समोरासमोर बुडी मारायची आणि गॉगलमधून एकमेकींकडं बघून दात दाखवायचे. आपांनी दाखवले आणि अर्धा पूल पोटात घेतला! आमच्या कोच वैशाली मॅडमनी उडी टाकून त्यांना वर काढलं. ठसका थांबल्यावर आपा चिडून म्हणाल्या, "हसायला कायतरी कारन पायजे ना! पाण्यात कोन जोक सांगनार?"

तेव्हापासून आपांना कोरडं काम मिळालं, काठावर बसून स्पीकर लावायचं.

*

बॅचच्या वाढदिवसाला सिनेमातल्यासारखं फूल करायचं ठरलं. आठ जणींनी पाठीवर तरंगत पाकळ्या व्हायचं आणि मधल्या बाईनं बुडी मारून, दोन्ही हात उंचावत फुलातून वर यायचं. मधली कोण? श्वास सगळ्यात जास्त वेळ मी धरते, हे पूलच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. पण मॅडम म्हणाल्या, "डिस्क नंदाताईंची, मान त्यांचा."

मी हसून टाळ्या वाजवल्या. तळहात लालबुंद झाले. मधली मी नाही, हे घरी मात्र सांगितलं नाही.

*

त्या दिवशी नवरे, सासवा, नातवंडं सगळी खुर्च्या टाकून बसली होती. आम्हा सगळ्यांना एकसारख्या पिवळ्या टोप्या, काळे पोशाख, डोळ्यांवर गॉगल. आपांनी गाणं लावलं. नंदा खाली गेली, आम्ही पाकळ्या पसरलो. कान पाण्यात, वर नुसतं आभाळ.

नंदा म्हणे खाली आधी हसू नीट करत होती, म्हणून तिला वर यायला जरा उशीर झाला. एवढ्यात धप्पकन काहीतरी पडलं आणि आम्ही पाकळ्या उधळलो. उठून बघते तर फुलाच्या मधोमध आमचे हे! शर्ट, पँट, बूट, खिशात मोबाइल. पोहता अजिबात येत नाही, पाणी चारच फूट होतं म्हणून उभे राहिले. आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या पुढ्यात नंदा वर आली. दोन्ही हात उंचावून, हसत! काय शिट्ट्या पडल्या!

"पाय घसरला," हे म्हणाले. त्यांची खुर्ची तर चांगली मागच्या रांगेत होती.

चेंजिंग रूममध्ये मी टॉवेल करकचून पिळत बसले. ज्या माणसाला माझ्यासाठी साधा नळ दुरुस्त करवत नाही, त्यानं हिच्यासाठी बुटांसकट उडी मारावी? डोळ्यांत पाणी आलं, ते पूलचं म्हणून पुसलं. नंदा आरशासमोर केस विंचरत होती आणि चक्क लाजत होती!

"आपा, तुम्ही तर काठावरच होता," ती म्हणाली. "उडी मारताना काय ओरडले हो ते? माझंच नाव ना?"

आपा स्पीकरची वायर गुंडाळत होत्या. "नाव कशाला घेतील? 'अगं, अगं' करत पळत आले."

नंदाचा कंगवा केसातच थांबला. तिनं विचारलं, "आणि आमचे?"

"तुमचे व्हय? ते व्हिडिओ काढत होते."