बॅटरीबाई आणि दुपारचा खेळ

थिएटरात तिला सगळे बॅटरीबाई म्हणत. अंधारात उजेड दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत पोचवायचं आणि खेळ सुटला की बाल्कनी झाडून काढायची, हे तिचं काम. चाळिशी उलटलेली, अंगानं काटक, बोलायला फटकळ.

त्या आठवड्यात एक मानसिक थरारपट लागला होता. नवरा बायकोला वेडी ठरवतो आणि शेवटी तिचा गळा आवळतो. थरार कसला, करणारा नवराच हे सुरुवातीलाच कळायचं. मॅनेजर वैतागून म्हणायचा, "रहस्य पोस्टरवरच संपलंय की!" पण नटीनं काम असं केलं होतं की माणसं जागची हलत नसत. गळ्याला हात लागल्यावर ती ओरडायची नाही, नुसती नवऱ्याकडे बघत राहायची.

तो प्रसंग आला की बॅटरीबाई बाहेर जिन्यात जाऊन उभी राही. तिची ताई अशीच गेली होती. भाऊजींनी तिला इस्त्रीनं भाजलं, दात पाडले आणि एक दिवस भिंतीवर डोकं आपटून मारून टाकलं. काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. तरी आई ताईला समजूत घालून परत धाडत राहिली.

त्या दुपारी बाल्कनीत मागच्या रांगेत एक जोडपं बसलं होतं. पडद्यावर गळा आवळला जाऊ लागला तशी बायको हुंदके द्यायला लागली.

"गप बस, लोक बघतायत," नवरा दबक्या आवाजात म्हणाला.

"अगदी तुमच्यासारखंच करतोय तो," ती म्हणाली.

त्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड पुढच्या खुर्चीवर आपटलं. पुन्हा आपटलं. लोकांना वाटलं, आवाज सिनेमातलाच आहे. जिन्यातल्या बॅटरीबाईला मात्र हा प्रसंग ऐकून ऐकून पाठ होता. त्यात असा आवाज नव्हता. ती धावत आत आली आणि तिनं उजेड टाकला. बायकोच्या नाकातून रक्ताची धार लागली होती.

"सोडा तिला!"

"माझी बायको आहे. तू तुझं काम कर."

"तेच करतेय," असं म्हणून तिनं जड बॅटरी त्याच्या कानशिलात हाणली.

तो पिसाळला. त्यानं तिचा हात पिरगाळला, तसं मनगटात कडकन काहीतरी मोडलं. तिनं दुसऱ्या हातानं त्याची कॉलर धरली आणि दोघं पायऱ्यांवरून गडगडत खाली आली. तो उठून तिच्या बरगड्यांत लाथा घालू लागला. तेवढ्यात त्याची बायको धावत आली. लोकांना वाटलं, नवऱ्याला सावरायला आली असेल. तिनं त्याचा उगारलेला हात धरला आणि त्यात कचकन दात रोवले. तो किंचाळला, तेव्हा कुठे माणसं उठली आणि दिवे लागले.

पोलिसांपुढे तो म्हणाला, "ही बया वेडी आहे, उगाच अंगावर आली. विचारा माझ्या बायकोला."

बायको नाकावरचा रुमाल काढून म्हणाली, "यांनीच आपटलं मला. घरीही आपटतात."

तो तुरुंगात गेला. बायको भावाकडे राहायला गेली आणि शिवणकामाला लागली. बॅटरीबाईचं मनगट वाकडंच जुळलं, म्हणून मॅनेजरनं तिला तिकीटखिडकीवर बसवलं. "मारामारी पडद्यावरच राहू द्या हो बाई," तो तिला म्हणाला.

"प्रेक्षकांना सांगा," ती म्हणाली, आणि तिनं खिडकी उघडली.