टेक्सासच्या आधी थ्री-इलेव्हन

माझी धाकटी बहीण ह्यूस्टनला असते. माझ्या लेकीला तिथल्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली आणि बहिणीने व्हिडिओंचा सपाटाच लावला. एकावर एक चढलेले पाच-पाच पूल, शहराभोवती फिरणारे लूप, हायवेला चिकटून धावणारे सर्व्हिस रोड. "ताई, टेक्सासात गाडी येत नसेल ना, तर माणूस घरातच बसून राहतं!"

लेक हरखली. मला नकाशा समजावायला लागली. "मम्मा, ऑड नंबर्सचे हायवे नॉर्थ-साउथ, ईव्हनचे ईस्ट-वेस्ट. सो सिंपल!"

सिंपल म्हणे! घराजवळच्या अल बर्शातल्या मॉलपर्यंतच गाडी नेणारी ही पोरगी. दुबईत काय कॉलेजं नाहीत? मला तिला पाठवायचंच नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू? म्हणून मी अट घातली. "आधी थ्री-इलेव्हन हायवेवरून शारजाला आत्याकडे गाडी नेऊन दाखव. जमलं तर तिकीट, नाही तर विषय खलास." हिची बोबडी वळणार याची मला खात्री होती.

नवरा म्हणाला, "तुम्ही दोघी एका गाडीत? मी घरीच बरा."

शनिवारी सकाळी निघालो. हायवेला मिळणाऱ्या उतारावर उजव्या लेनमधून ट्रकांची रांग चाललेली. "अगं ट्रक! ट्रक बघ!" मी ओरडले.

"आय सी हिम, मम्मा."

इंडिकेटर, आरशात एक नजर, आणि गाडी दोन ट्रकांच्या मधून अलगद आत! माझ्या अंगावर काटाच आला. एवढा रुंद रस्ता, दोन्हीकडून सूं सूं जाणाऱ्या गाड्या, आणि मध्ये माझी पोर, पाठ ताठ करून बसलेली. तेवढ्यात एक पांढरी अवाढव्य गाडी मागून दिवे मारायला लागली. "हबीबी, उडून जा ना वरून!" मी काचेतून हात नाचवले. लेकीने शांतपणे लेन बदलून त्याला वाट दिली. मी मात्र त्याच्यावर तोंडसुख घेतच राहिले.

त्या नादात फोनवरचा नकाशा बघायचं माझं काम राहिलं आणि शारजाची एक्झिट मागे पडली.

"गेली! एक्झिट गेली! आता अजमान! थांब, बाजूला घे, रिव्हर्स घे!"

"रिव्हर्स? ऑन अ हायवे? मम्मा, नो."

पुढच्या एक्झिटला ती बाहेर पडली, पुलावर चढली, वळली आणि उलट दिशेने पुन्हा त्याच हायवेला लागली. गुगलला न विचारता, वरच्या पाट्या वाचत! मी टाळ्या पिटल्या. आत्याच्या घराअलीकडे पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावली, दाट दुधाचा करक चहा मागवला आणि तिथूनच बहिणीला फोन लावला. "अगं, तुझं टेक्सास खिशात घालेल ही! वाघीण आहे वाघीण! आजच तिकीट काढते!"

फोन ठेवून वळले, तर वाघिणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर घट्ट.

"काय झालं गं?"

एरवी मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये बोलणारी माझी लेक मराठीत म्हणाली, "आई, मला वाटलं होतं तू नाहीच म्हणशील."

म्हणजे मी अडवणार याच भरवशावर हिच्या सगळ्या उड्या चालल्या होत्या. आतून घाबरून गेली होती पोर. 'नको जाऊस' एवढंच मी म्हणायचा अवकाश, ती आनंदाने राहिली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते.

मी तिला टिश्यू दिला. म्हटलं, "मी कशाला नाही म्हणू? डोळे पूस आधी. यल्ला, काढ गाडी."